मडकं कुणाचं?

कुंभकोणमला कॉफी पितळेच्या पेल्यात येते आणि तिला डिग्री कॉफी म्हणतात. दुधात पाणी नाही ना, हे पूर्वी लॅक्टोमीटर बुडवून बघत. त्या डिग्रीवरून हे नाव पडलं, असं तिथले लोक सांगतात.

पाच घोट कॉफीसाठी दुधाची परीक्षा घेणारं गाव. मला ते लगेच आवडलं.

शेजारी भाचा बसला होता. वय २६, हिंजवडीत नोकरी, कपाळावर ताजी विभूती. लग्न त्याच्या मित्राचं. मी आपला देवळं बघायला शेपूट म्हणून गेलेलो. त्याची कॉफी निवत होती आणि डोळे मोबाइलवर.

"मामा, बघ. बॉट कमावतोय."

बघितलं. एक हिरवी रेघ उड्या मारत होती आणि खाली दोन बटणं होती. वर आणि खाली.

बायनरी ऑप्शन हे त्याचं शुभनाव. युरो-डॉलरचा भाव पुढच्या साठ सेकंदांत वर जाईल की खाली? बरोबर सांगितलंत तर शंभराचे १८० परत. चुकलात तर शंभर गेले. शेअर मिळत नाही, युरो मिळत नाही, कागदाचा कपटासुद्धा मिळत नाही.

लहानपणी आम्ही याला छापा-काटा म्हणायचो. तेव्हा नाणं निदान आपल्या खिशातलं असायचं.

"पण मामा, मी खेळतच नाही. बॉट खेळतो. प्रोग्रॅम आहे, आपोआप बोली लावतो."

उत्तम. उद्या कुणी दारू प्यायला गडी ठेवला तर मालक निर्व्यसनी.

जरा हिशेबाला बसू. शंभर वेळा शंभर-शंभर रुपये लावले. वर-खाली निम्मंनिम्मं धरा, कारण साठ सेकंदांनी युरो काय करेल हे युरोलाही माहीत नसतं. पन्नास वेळा जिंकलात, ऐंशीच्या हिशेबाने चार हजार आले. पन्नास वेळा हरलात, पाच हजार गेले. दहा हजार लावून हजाराचा तोटा. शेकडा दहा.

नुसतं बरोबरीत सुटायचं तरी शंभरात ५६ वेळा बरोबर यावं लागतं. आणि ५६ हा आकडा आपल्याकडे छातीचा असतो, नशिबाचा नसतो.

कॉफी संपली. देवळाकडे निघालो.

आदिकुंभेश्वराची कथा अशी. प्रलय झाला तेव्हा ब्रह्मदेवाने अमृत आणि सृष्टीची बीजं एका कुंभात भरून पाण्यावर सोडली. तो तरंगत इथं येऊन टेकला आणि किराताच्या वेषात आलेल्या शंकराने बाण मारून तो फोडला. म्हणून कुंभकोणम. मडक्याचं गाव.

मुंबईच्या माणसाला मडकं म्हटलं की अमृत आठवत नाही. मटका आठवतो.

मटक्याचं मूळ मडक्यात नाही, कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत यायचे आणि त्या आकड्यांवर मुंबई पैसे लावायची. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. १९६१ मध्ये ती सोय बंद पडली. १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने आपापला मटका सुरू केला. न्यूयॉर्कहून येणारा आकडा आता मडक्यातल्या चिठ्ठीतून निघू लागला, पुढे पत्त्यांच्या कॅटमधून.

तेव्हा परदेशी भावावर घरबसल्या पैसे लावणं यात नवं काय? आजोबांनी ते केलंय. आजोबा फक्त व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवत नसत.

आता गंमत बघा. मटक्यात एकेरी आकड्याचा सर्वसाधारण दर रुपयाला नऊ. आकडे दहा. दहाही आकड्यांवर एकेक रुपया ठेवलात तर नऊ परत येणार. तोटा शेकडा दहा.

ॲपचा किती होता? शेकडा दहा.

साठ वर्षांत टेलिप्रिंटर गेला, मोबाइल आला, उपग्रह आले, एआय आलं. मडकेवाल्याचा हिस्सा तोच. महागाई न झालेली देशातली ही बहुधा एकमेव गोष्ट. (ॲप कधी सत्तर टक्के देतं, कधी नव्वद. खत्रीच्या धंद्यात दर तरी ठरलेला होता.)

त्याच्याही आधी जाऊ. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पायधुणीला पावसावर सट्टा चालायचा. ठरल्या वेळेत पन्हळीतून पाणी पडेल की नाही? याहून शुद्ध बायनरी ऑप्शन जगात कुठे असेल? तेव्हाच्या जुगारबंदीच्या कायद्यात हा पाऊस काही केल्या बसेना. १८८९ मध्ये खटला हायकोर्टापर्यंत गेला आणि १८९० मध्ये कायदाच सुधारावा लागला.

पाऊस आधी पडतो, सरकारची छत्री मागून उघडते.

"मामा, तू जुन्या जमान्यातला आहेस. बॉट हुशार आहे. हरला की पुढची बोली दुप्पट करतो. एकदा जिंकला की मागचं सगळं वसूल."

या हुशारीला मार्टिंगेल म्हणतात. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जुगारी हाच डाव खेळायचे. म्हणजे जुन्या जमान्यातला मी नाही, बॉट आहे.

आणि तो डावही इथं नीट बसत नाही. देवळाच्या पायरीवर बसून मी भाच्याला हिशेब मांडून दिला. शंभर हरलास, दोनशे लावलेस, जिंकलास. १६० मिळाले, निव्वळ साठ हातात. छान. सलग दोन हरलास, ३०० गेले. चारशे लावून जिंकलास, ३२० मिळाले. वीस हातात. ठीक. सलग तीन हरलास, ७०० गेले. आठशे लावलेस आणि जिंकलास. मिळाले ६४०.

जिंकून साठ रुपयांचा तोटा.

भाच्याने कॅल्क्युलेटर काढला. मग ठेवून दिला.

सलग दहा हरलास तर? शंभरापासून सुरुवात करून एक लाख दोन हजार तीनशे गेले. "असं कधी होतं का मामा?" होतं. निम्म्या-निम्म्या खेळात सलग दहा हार यायला सरासरी दोन हजार डाव लागतात. हा बॉट दिवसाला तीनशे डाव खेळतो. आठवडाभर थांब.

माणूस दमतो. झोपतो. बायको हाक मारते, वीज जाते, बॉस मीटिंग लावतो. या अडचणींनी आजवर किती जणांचे किती पैसे वाचवलेत याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. बॉटला यातली एकही अडचण नाही.

सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर एक ओटीचं छोटं घर आहे. श्रीनिवास रामानुजन इथं वाढले. भाच्याने दारात सेल्फी काढली. "मॅथ्सचं गाव आहे मामा हे. शुभशकुन."

शकुन कसला ते ऐका. याच गावच्या सरकारी कॉलेजात गणित सोडून बाकीच्या बहुतेक विषयांत रामानुजन नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये हिशेबाच्या खात्यात कारकुनी मिळाली, पगार महिना ३० रुपये. आकडे ज्याच्याशी बोलत, त्याला महिना तीस. आकड्यांच्या नावाने दुसऱ्यांशी बोलणारा, भाच्याला बॉट विकणारा टेलिग्रामवरचा 'सर' मात्र डीपीत लॅम्बोर्गिनीला टेकून उभा.

१९१३ मध्ये त्याच रामानुजनांनी केंब्रिजच्या हार्डींना कळवलं, की एक अधिक दोन अधिक तीन अशी अनंतापर्यंत बेरीज करत गेलं तर उत्तर येतं उणे एक छेद बारा. हे वाचून तुम्ही मला वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखवाल, असंही लिहिलं होतं.

सतत भर घालत राहिलं तरी शेवटी उणे कसं येतं, हे समजायला गणितज्ञांना झीटा फंक्शन लागतं. भाच्याला एक संध्याकाळ पुरली.

तो चिडला. "मग मोठ्या कंपन्या कंप्युटरवर कशा कमावतात?"

कमावतात ना! शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले. तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आणि त्याच बाजारात परदेशी संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के वाटा कंप्युटरी अल्गोचा, दलालांच्या स्वतःच्या धंद्यातल्या नफ्यात ९६ टक्के.

यंत्र पैसे कमावतं यात शंकाच नाही. प्रश्न फक्त कुणाचे, एवढाच आहे.

जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीवर सेबीने ३ जुलै २०२५ रोजी अंतरिम आदेश काढला. बँक निफ्टीत एक्स्पायरीच्या दिवशी भाव हलवल्याचा आरोप, आणि ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्याचा हुकूम. कंपनीला आरोप मान्य नाही, तो वाद त्यांचा ते बघतील. आपण आकडा बघावा. असली यंत्रं ज्यांच्याकडे असतात ते ती खोलीत कुलपात ठेवतात. सोन्याचं अंडं देणारी कोंबडी टेलिग्रामवर २,९९९ रुपयांना कोण विकायला काढील?

ज्याच्याकडे नुसती पिसं आहेत तो.

बरं, खरी यंत्रंही येडी होतात. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी दलालाच्या कंप्युटरमध्ये नवा प्रोग्रॅम नीट चढला नाही आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलर गेले. तिथं इंजिनिअर होते, तपासनीस होते. भाच्याच्या बॉटची तपासणी कोण करतं? लॅम्बोर्गिनीवाले सर.

आपल्याकडे अल्गोला बंदी नाही, हेही सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेबीने सामान्य ग्राहकांसाठी नियम आणले. अल्गोच्या प्रत्येक ऑर्डरवर एक्स्चेंजचा ओळख क्रमांक हवा. आतलं सूत्र न दाखवता अल्गो विकणाऱ्याने रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी करायला हवी. थोडक्यात, पाळीव कुत्र्याला बिल्ला. आणि बायनरी ऑप्शन? तो आपल्या एकाही मान्यताप्राप्त शेअर बाजारात मिळत नाही. सरळ आहे, तो कुत्राच नाही.

जगाने हे कधीच ओळखलंय. या धंद्याची राजधानी होती इस्रायल. तिथल्या सरकारने आधी सांगितलं, आपल्या लोकांना विकू नका. बाहेरच्यांना विकणं चालूच. घरचं जेवण वेगळं, खानावळीचं वेगळं! मग जगभर बोंब झाल्यावर ऑक्टोबर २०१७ मध्ये संसदेने धंदाच बंद केला. युरोपने जुलै २०१८ पासून सामान्य ग्राहकांना विक्री थांबवली, ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून कायमची. युकॉम कंपनीची प्रमुख ली एल्बाझ हिला अमेरिकी कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये २२ वर्षांची कैद ठोठावली. तिच्याकडचे विक्रेते खोट्या नावांनी फोन करायचे आणि तुमचा नफा तोच आमचा नफा, असं पटवायचे. प्रत्यक्षात ग्राहकाचा तोटा हाच कंपनीचा नफा.

म्हणजे समोरचा खेळाडू, पंच आणि स्टेडियमचा मालक एकच. आणि भाच्याला वाटतं, आपली बॅटिंग सुधारायला हवी.

रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ रोजी परवाना नसलेल्या परकीय चलनाच्या ठिकाणांची सावधगिरीची यादी काढली. पहिल्याच यादीत ३४ नावं. बिनोमो, आयक्यू ऑप्शन, ऑलिम्प ट्रेड ही मंडळी त्यात आहेत. यूट्यूबवर गाणं ऐकायला बसलं की जी आधी भेटायची तीच ही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाही झाला. देशी ॲपनी दुकानं मिटली. ज्याचं दुकानच कुठल्या तरी बेटावरच्या टपालपेटीत आहे, त्याने मिटायचं काय?

हे सगळं परदेशी पाप आहे असं मात्र समजू नका. कुंभकोणमला परदेशी माल लागत नाही.

जुलै २०२१ मध्ये या गावात भिंतीभिंतींवर पोस्टरं लागली. दोन भावांनी ठेवी दुप्पट करून देतो म्हणून लोकांचे ६०० कोटी बुडवले, असा आरोप. दोघांकडे स्वतःचं हेलिकॉप्टर होतं, म्हणून वर्तमानपत्रांत त्यांचं नाव 'हेलिकॉप्टर बंधू'. घरच्या बाळाच्या वाढदिवसाला त्याच हेलिकॉप्टरमधून फुलं उधळल्याच्या बातम्या होत्या. ऑगस्टमध्ये पोलिसांनी दोघांना पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या एका शेतघरातून उचललं.

तिथं बॉट नव्हता, ॲप नव्हतं, युरो नव्हता. 'दुप्पट' हा एकच शब्द होता. तेवढा पुरतो.

पैसे वर जातील की खाली? गेले ना वर, फुलं टाकायला.

आणि याच गावात १९०४ मध्ये कुंभकोणम बँक निघाली. तिचं आजचं नाव सिटी युनियन बँक, मुख्य कचेरी अजून इथेच. शंभराहून जास्त वर्षं ती लोकांच्या ठेवी सांभाळते आणि काही टक्के व्याज देते. तिने २०१६ मध्ये चेन्नईच्या शाखेत रोबोही आणला होता. नाव लक्ष्मी. ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा. पैसे दुप्पट करतो असं तो कधी म्हणाला नाही.

म्हणूनच लक्ष्मी असून त्याचं फॅन पेज नाही.

मराठी वाचकाने इथं आणखी एक नाव आठवावं. सर टी. माधवराव. तंजावरच्या देशस्थ मराठी घराण्यातले, जन्म १८२८, याच कुंभकोणमचा. गणितात पक्के, काही काळ गणित शिकवलंही. त्रावणकोरचे दिवाण झाले तेव्हा संस्थान कर्जात होतं आणि नोकरांचे पगार थकलेले. गृहस्थाने काही वर्षांत कर्ज फेडलं. पुढे १८७५ मध्ये बडोद्याला बोलावणं आलं. त्रावणकोरचं कर्ज कसं फेडलं? जमाखर्च लिहून, मक्तेदाऱ्या मोडून, उधळपट्टी थांबवून. कंटाळवाणी माणसं.

मी हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, त्यांना पॅसिव्ह इन्कमची आयडियाच नव्हती."

संध्याकाळी महामहम तलावाच्या पायरीवर बसलो. स्क्रीनवर नफा ४२ हजार होता. मी म्हटलं, फार सोपं आहे, चार हजार काढून दाखव. रात्रीचं जेवण तुझ्याकडून.

त्याने बटण दाबलं. ॲप म्हणालं, तुम्ही बोनस घेतलाय, आधी बोनसच्या तीसपट उलाढाल करा. त्याने चॅटमध्ये तक्रार केली. 'रिलेशनशिप मॅनेजर' लगेच आला. गोड बोलला. म्हणाला, तुमच्यासाठी अट माफ. आधी फक्त १८ टक्के टॅक्स भरा, मग पैसे मोकळे.

नफ्यातून कापून घ्या की! नाही म्हणे, नियमात बसत नाही. कर आधी भर, पगार मग देतो, असं म्हणणारं सरकार आपल्याकडे अजून आलेलं नाही. (अजून.)

टॅक्स भरायला क्यूआर कोड आला. खातं कुठल्या तरी मोबाइल शॉपीचं. आयकर विभाग आता स्क्रीनगार्डही विकतो वाटतं.

"मामा, आधी भरलेले ३५ हजारसुद्धा अशाच खात्यांत गेले होते." हे तो हळू आवाजात म्हणाला. तलावातले मासे ऐकतील म्हणून असेल.

नात्याने मामा मी. झाला मामा तो.

१९३० या नंबरवर तिथूनच फोन लावून दिला. सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची आशा जास्त. भाच्याने कळवलं ते पाच आठवड्यांनी. फोनवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" तो म्हणाला, "नफा दिसत होता."

ॲप त्याने काढून टाकलंय. विथड्रॉअलची विनंती मात्र ईमेलमध्ये अजून 'प्रक्रियेत' आहे. महामहमचा उत्सव बारा वर्षांनी एकदा येतो. मागचा २०१६ ला झाला, पुढचा २०२८ ला आहे. आधी काय येतं ते कळवतो.